पोरीला कॉमर्सला घालून काय करू?



बंदी सुरू झाली, ट्रॉलर जेटीला लागले, जाळी विणायला बाहेर निघाली. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत आमच्या ऑफिसात दर्या सोडून बाकी सगळ्या गोष्टी चालतात. परवा एक बोटमालक काका आले. पोरगी बारावी कॉमर्स चांगल्या मार्कांनी पास झालीय, बी.कॉम.चा फॉर्म हातात. मला म्हणतात, "सेक्रेटरी, पोरीला कॉमर्सला घालून काय करू? तीन वर्षं शिकून शेवटी मेडिकलमध्ये बिलं फाडणार."

तेव्हा डिझेलच्या कागदांसाठी चार माणसं रांगेत उभी होती, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. म्हणून इथे लिहितो.

काकांना मी उलट विचारायला हवं होतं, तुमची बोट वर्षाला किती कमावते? ट्रिपचा हिशोब प्रत्येक मालकाला तोंडपाठ असतो. समजा, एका ट्रिपला मासळी विकली १ लाख ८० हजारांची. डिझेल, बर्फ, राशन, खलाशांचा पगार-वाटा, जेटीवरची हमाली सगळं वजा जाऊन हातात ३० हजार राहिले. आपण म्हणतो, ट्रिप बरी झाली. पण बोट आणि इंजिन मिळून ६० लाखांचं आहे आणि १५ वर्षं चालणार असं धरलं, तर वर्षाला ४ लाखांची बोट झिजते. सीझनला ४० ट्रिपा, म्हणजे ट्रिपमागे १० हजार. जाळी ४ लाखांची, दोन वर्षं टिकली तर ट्रिपमागे ५ हजार. बंदीत बोट वर काढणं, रंग, इंजिनचं काम यांना ४ लाख, म्हणजे आणखी १० हजार. ३० मधले २५ गेले. उरले ५ हजार, आणि बँकेचं व्याज अजून धरलेलंच नाही.

या झिजेला हिशोबात घसारा म्हणतात. आपल्यातल्या कितीतरी बोटी वर्षानुवर्षं फायद्यात दिसतात आणि इंजिन बसलं की मालकाच्या हातात पैसा नसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. पैसा मासळीनंच दिलेला होता, पण आपण तो नफा समजून लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये घातला. घसारा हा अकाउंट्समधला अगदी सुरुवातीचा धडा. तो घरात एकाला जरी नीट समजला तरी फरक पडतो.

खलाशांच्या उचलीचंही तेच. सीझनच्या आधी अ‍ॅडव्हान्स देतो आणि वहीत खर्च म्हणून लिहून मोकळे होतो. तो खर्च नव्हे, येणं आहे. खलाशी काम करेल तसं ते फिटणार. तो मध्येच गावी निघून गेला तर बुडीत. खर्चात लिहिलं की कोणाकडून किती यायचंय ते आपणच विसरतो, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला परत उचल देतो. (हसू नका, आपल्याच जेटीवर झालंय.)

काही विद्यापीठांच्या बी.कॉम.च्या पुस्तकांत व्हॉयेज अकाउंट नावाचा धडा असतो. जहाजाच्या प्रत्येक फेरीचा वेगळा हिशोब, आणि वर्ष संपताना फेरी अर्धी असेल तर किती खर्च या वर्षात आणि किती पुढच्या वर्षात धरायचा, ते त्यात असतं. उदाहरणं मालवाहू जहाजांची, पण प्रश्न आपलाच आहे. आपला सीझन ऑगस्ट ते मे आणि सरकारी वर्ष संपतं ३१ मार्चला, भर सीझनमध्ये, बोट दर्यात असताना.

आता सोसायटीचं सांगतो. मी स्वतः बारावी. किर्द-खतावणी मला जुन्या क्लार्कनं शिकवली. नावे-जमा हाताला बसलंय, पण ऑडिटर "हे असं का?" विचारतो तेव्हा मी गप्प. आयकर कायद्यात सहकारी सोसायट्यांसाठी सवलतीचं कलम आहे. त्यात मच्छीमार सोसायटीला मासेमारी, मासळीची विक्री, सभासदांना पुरवलेलं सामान या कामांच्या नफ्यावर पूर्ण सूट आहे, पण मतदानाचा हक्क कोणाला यावर अटी आहेत. शिवाय २०१८-१९ या आकारणी वर्षापासून रिटर्न मुदतीत भरलं तरच ती सूट. उशीर झालेल्या सोसायट्यांना मागच्या काही वर्षांसाठी माफीचा अर्ज करता यावा म्हणून २०२३ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाला परिपत्रक काढावं लागलं. म्हणजे एका तारखेपायी सभासदांचा पैसा करात जाऊ शकतो. हे सगळं आपण बाहेरच्या माणसावर सोडतो, आणि त्याला रापण आणि पर्ससीन यातला फरकही माहीत नसतो.

काकांच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. गाईड पाठ करून पास झालेले, आणि डिझेलची पावती पुढे ठेवली तर कुठल्या खात्यात घालायची ते न कळणारे बी.कॉम. मी पाहिलेत. कॉलेजात बोटीचा हिशोब कोणी शिकवणार नाही. पोरानंच बापाची वही घेऊन मास्तरांना गाठायला हवं. ज्यांना पुढे जायचंय त्यांना सीए आहे. बी.कॉम.ला ५५ टक्के असले तर फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही.

आणि एक गोष्ट मला खटकते. पोरींनी शिकावं की नाही यावर चर्चा तरी होते. पोरगा मात्र "बोट आहेच" म्हणून बारावीनंतर सरळ बोटीवर. उद्या ४०-५० लाखांचं कर्ज तोच घेणार आणि बँकेत ताळेबंद मागितला की तोच दारोदार फिरणार. बोटीवर जाणाऱ्या पोरांसाठी इग्नूचं बी.कॉम. आहे, घरी राहून करता येतं. जानेवारी आणि जुलै, वर्षाला दोनदा प्रवेश.

बंदी उठेपर्यंत रोज सकाळी १० ते १ मी ऑफिसात आहे. कॉमर्सला असलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या कोणाही सभासदाच्या मुला-मुलीनं यावं. सोसायटीची किर्द, बर्फाची बिलं, मागच्या वर्षीचा ताळेबंद उघडून दाखवीन. येताना घरच्या बोटीची वही आणा, फाटकी असली तरी चालेल.

काकांनी फॉर्म परत घरी नेलाय. सही अजून व्हायची आहे.