मोटेचे चित्र

सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी, १७९१ साली, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटलंडचा चित्रकार मुंबईस आला व पुढे पुण्यास राहिला. त्याने पेशवे, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे रंगविली. ज्याला दरबार बोलावतो, त्याने दरबारच रंगवावा, यात नवल नाही. मला कौतुक वाटते ते त्याचा साहाय्यक रॉबर्ट मेबन याचे. हा मूळचा सैनिक. त्याने येथील लोकांची राहणी व वेश रेखाटले आणि १७९७ साली कलकत्त्यास त्या रेखाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

आपल्या बखरींत लढाया आहेत, तह आहेत; पण हमालाने ओझे कसे पेलले, हे त्यांत शोधून सापडत नाही. रोजचीच गोष्ट, ती लिहावी कशाला, असे लिहिणाऱ्यांना वाटले असेल. परक्याला मात्र तीच नवी असते, म्हणून ती त्याच्या डोळ्यांत भरते. तरी त्याला जे दिसले, ते सारे कळलेच, असे नव्हे!

म्हणूनच, मुलांनो, पुण्याच्या गंगाराम तांबटाची चित्रे मला अधिक मोलाची वाटतात. तो इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करीत असे. १७९० साली त्याने पेशव्यांच्या पशुसंग्रहातील गेंडा चितारला. १७९२ साली वजन उचलणारे, मुद्गल फिरविणारे गडी चितारले. रेखाटनाची पाश्चात्त्य रीत त्याने आत्मसात केली. तालीम मात्र त्याच्या ओळखीची होती. ही चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

गंगारामाने जे पुण्यात केले, ते आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कोण करणार? येथे एके काळी विहिरीवर मोट चाले. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, भरलेली मोट वर येई आणि सोंदुराने तिची सोंड थारोळ्यात ओढली जाई. पुढे इंजिने आली, विजेचे पंप आले, आणि मोट अडगळीत गेली. ती हाकलेली माणसे आता फार म्हातारी झाली आहेत.

कोणी म्हणेल, मोटेची छायाचित्रे असतीलच की. असोत. छायाचित्र घेणाऱ्याचे काही न विचारता भागते. चित्र काढणाऱ्याला मात्र सोंदूर कोठे बांधीत असत, हे आजोबांजवळ बसून विचारावेच लागते.