शाकारणी : घराची आणि भाषेची

स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरी गावातील अ‍ॅन हॅथवेचे घर, म्हणजे शेक्सपिअरच्या पत्नीचे माहेर, साहित्याच्या अभ्यासकांना निदान चित्रांतून परिचित असते. लाकडी सांगाड्याचे, गवती छपराचे हे शेतकरी कुटुंबाचे घर १८९२ मध्ये शेक्सपिअर जन्मस्थान न्यासाने विकत घेतले. १९६९ मध्ये आगीने त्याची मोठी हानी झाली. तरी ते पुन्हा गवतानेच शाकारण्यात आले. आज दिसणारे गवत शेक्सपिअरने पाहिलेले नाही. तेथे जपले गेले आहे ते शाकारण्याचे कसब.

आपल्या जिल्ह्यात मालगुंड येथे केशवसुतांचे जन्मघर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथे उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. हे कार्य मोलाचे आहेच. परंतु ज्या घरात कोणी कवी जन्मला नाही, त्याचे काय?

कोकणातले घर एकेकाळी पेंढ्याने, गवताने किंवा माडाच्या झापांनी दर पावसाळ्यापूर्वी शाकारले जाई. पुढे नळीची कौले आली. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना निघाल्यानंतर मंगलोरी कौलेही पसरली. गवत गेले, तरी कौले चाळण्याच्या कामालाही लोक ‘शाकारणी’च म्हणत राहिले. शब्दाने नवे छप्पर सहज स्वीकारले. स्लॅबपुढे मात्र तो निरुपाय झाला, कारण स्लॅब शाकारावा लागत नाही.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या परिसरात स्लॅब घालणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. गळक्या छपराखाली रात्र काढणाऱ्याला परंपरेचे गोडवे सांगणे हा निष्ठुरपणा होईल. प्रश्न भाषेचा आहे. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’, ‘घर फिरले की वासेही फिरतात’ या म्हणी आपण वर्गात शिकवतो, तेव्हा आढे, वळचण आणि वासा यांपैकी काहीच न पाहिलेला विद्यार्थी समोर असतो. तो अर्थ पाठ करतो. त्यामागचे चित्र त्याला दिसत नाही.

म्हणून मराठी विभागांनी दोन कामे हाती घ्यावीत. वृद्ध सुतारांकडून आणि छपरे शाकारणाऱ्यांकडून त्यांची परिभाषा टिपून घ्यावी. आणि प्रत्येक तालुक्यात निदान एक बिननावाचे घर, मालकाच्या संमतीने व लोकवर्गणीतून, दरवर्षी मृगाआधी विद्यार्थ्यांच्या हातून शाकारले जावे. कोशात शब्दाचा अर्थ राहतो. त्याचा प्राण मात्र कृतीतच असतो.