दगड उचलण्याआधी त्याची दिशा लिहा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत दगडांचे एखादे कपाट असेल. बेसॉल्ट, ग्रॅनाइट, संगमरवर अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतील. या चिठ्ठ्यांवर माझा एक आक्षेप आहे. (मी भौतिकीचा अध्यापक, भूशास्त्राच्या अंगणात डोकावतो म्हणून कोणी रागावू नये!) चिठ्ठीवर दगडाचे नाव असते, गावही असते. पण तो मूळ जागी कसा बसला होता, त्याची वरची बाजू कोणती, उत्तर कोणीकडे होती, हे नसते. त्यामुळे दगडाला ठाऊक असलेली अर्धी हकीकत आपल्याच हातून पुसली जाते.

कशी ते पाहा. धुळे-नंदुरबार भागात काळ्या दगडाच्या लांबच लांब, अरुंद, सरळ टेकड्या दिसतात. त्यांना डाइक म्हणतात. दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळात, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जमिनीतील उभ्या भेगांत शिलारस शिरला आणि तेथेच थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजला व या भिंती उघड्या पडल्या. त्यांतील सर्वांत लांब भिंत सुमारे ७९ किलोमीटर आहे. आता सांगा, एवढ्या भेगेत शिलारस सगळीकडे खालून वर चढला, की एका बाजूने आडवा वाहत गेला? पुस्तकातील आकृतीत बाण नेहमी खालून वर असतो. बाण काढायला काय लागते?

शेताच्या पाटात काडीकचरा प्रवाहाच्या दिशेने लांब होऊन वाहतो, तुम्ही पाहिलेच असेल. शिलारसातील लांबट कणांचेही तसेच होते, आणि रस थिजला की ती ठेवण कायम राहते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. लांबट कण लांबीच्या दिशेने अधिक सहज चुंबकित होतो. म्हणून दगडाचा अडीच सेंटिमीटर व्यासाचा तुकडा चुंबकीय क्षेत्रात निरनिराळ्या दिशांनी ठेवून मोजला, की कणांचा कल कळतो. फरक पुष्कळदा दोन-चार टक्क्यांचाच असतो, पण उपकरणाला तो पुरतो. खडकांची ठेवण अशी चुंबकत्वाने वाचता येईल, हे ग्रॅहॅम यांनी १९५४ साली सुचवले.

यातून प्रवाहाची रेषा मिळते, बाण मिळत नाही. त्यासाठी डाइकच्या दोन्ही कडांचे नमुने लागतात. कडेला रस अडतो, मध्ये जोरात वाहतो. त्यामुळे दोन्ही कडांचे कण आत कलतात आणि मिळून बाणाचे टोक तयार होते. ते टोक प्रवाह गेला तिकडे असते. एक सावधगिरी मात्र हवी. मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण नेमके उलटे वागतात, म्हणून दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीही पाहावा लागतो.

कॅनडातील मॅकेन्झी डाइक सुमारे १२७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. एका केंद्रापासून ते पंख्यासारखे पसरले आहेत. अर्न्स्ट आणि बॅरॅगार यांनी १९९२ साली ही मोजणी तेथे केली. केंद्रापासून सुमारे ५०० किलोमीटरपर्यंत प्रवाह उभा निघाला; त्यापलीकडे, अगदी २,१०० किलोमीटरपर्यंत, आडवा! जवळजवळ मुंबई-कोलकात्याइतके अंतर शिलारस जमिनीखालून आडवा गेला होता. उभा बाण तेथे साफ चुकला असता.

ही सारी मोजणी दिशा नोंदलेल्या नमुन्यावरच होते. कपाटातील दगड कितीही चांगला असो, तो येथे मुका आहे. आणि काळा कठीण दगड खडीसाठी सर्रास फोडला जातो. एकदा ढीग झाला की विचारायचे कोणाला? रस्ते नकोत असे मी म्हणत नाही. पण शिक्षकांनी सहलीला नेताना मुलांच्या हाती हातोडीआधी खडू द्यावा. दगड जागेवर असतानाच त्यावर उत्तरेचा बाण काढा, वरच्या बाजूला फुली करा, वहीत चित्र काढा, मग हातोडी उचला. होकायंत्रावर मात्र विसंबू नका. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय, तो सुई फिरवतो. त्यापेक्षा सपाट जागी एक काठी उभी रोवा. दुपारची तिची सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण असते.