जर्नल पूर्ण, हात कोरे

मा. प्राचार्य आणि मा. अध्यक्ष, संस्था व्यवस्थापन समिती,
आमच्या तालुक्याची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, यांस



वीजतंत्री ट्रेडच्या प्रात्यक्षिकांबद्दल मी आपल्याकडे लेखी तक्रार केली. नंतर स्मरणपत्रं दिली. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा म्हणून समक्ष येऊन विनंतीही केली. प्रत्येक वेळी माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, लेखी उत्तर मात्र एकदाही मिळालं नाही. म्हणून आता सर्वांसमोर लिहितो आहे. ज्यांची मुलं आपल्याकडे शिकतात त्यांनाही हे कळू दे.

तक्रार आपल्याला पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. दोन वर्षं वीजतंत्री ट्रेड करून जो मुलगा आपल्या संस्थेतून बाहेर पडतो, त्याने थ्री फेज मोटर स्वतःच्या हाताने जोडून, चालवून, बिघाड काढून पुन्हा चालवलेली नसते. इन्सुलेशन मोजायचा मेगर त्याने फोटोत पाहिलेला असतो. अर्थ टेस्टरचे खिळे जमिनीत ठोकलेले नसतात. त्याची जर्नल मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पूर्ण असते आणि प्रत्येक पानावर सही असते.

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. दरवर्षी आपल्याकडची एक-दोन मुलं माझ्याकडे कामाला येतात. मुलं गुणी आहेत, सांगितलेलं ऐकतात, पहाटे पहिल्या एसटीने येतात. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाला मळ्यातल्या बोअरच्या पॅनेलवर पाठवलं. त्याने मेन स्विच खाली ओढला, एका फेजला टेस्टर लावला, दिवा लागला नाही, आणि लाईन बंद आहे असं समजून स्टार्टरमध्ये हात घातला. स्विच जुना होता, त्यातलं एक पातं अडकून वरच राहिलं होतं. करंट बसला. पोरगा मागे फेकला गेला म्हणून वाचला, उजव्या हाताची दोन बोटं भाजली. त्याला एकट्याला पाठवणाऱ्याला मी दोषमुक्त करत नाही, तो हिशेब माझा मी बघेन. पण दवाखान्यात त्याला विचारलं की तिन्ही फेज का तपासल्या नाहीस, तेव्हा तो म्हणाला, "काका, आमच्याकडं पॅनेल बंदच असायचं. सर फळ्यावर सांगायचे."

या वाक्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे.

आता तासांचं बोलू. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय ठरवतं. पूर्वी वर्षाला १६०० तास होते आणि त्यात १००० तास प्रात्यक्षिकाचे होते. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात एकूण तास १२०० झाले आणि प्रात्यक्षिक ८४० वर आलं. दोन वर्षांचे मिळून प्रात्यक्षिकाचे ३२० तास दिल्लीतच कमी झाले. त्याचा जाब मी आपल्याला विचारत नाही. उरलेल्या १६८० तासांचा विचारतो.

तुकडी २० मुलांची. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या दोन आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन, मिळून ८० मुलं. शिकवायला कायम निदेशक एक. दुसरे तासिका तत्त्वावरचे, त्यांची नेमणूक दिवाळी उलटल्यावर होते आणि परीक्षा जवळ आली की संपते. थ्री फेज मोटर कंट्रोलचं चालू पॅनेल एक. ते एक पॅनेल वर्षाचे ८४० तास एक मिनिटही न थांबता चाललं आणि ८० मुलांत सारखं वाटलं, तर एकेकाच्या वाट्याला साडेदहा तास येतात. दोन वर्षांचे २१. डीओएल, स्टार-डेल्टा, फॉरवर्ड-रिव्हर्स, ओव्हरलोड रिले सेट करणं, सिंगल फेजिंग ओळखणं, हे सगळं त्या २१ तासांत बसवायचं. प्रत्यक्षात मी आलो तेव्हा पॅनेलच्या खोलीला कुलूप होतं आणि पाच एचपीची मोटर जळून कोपऱ्यात पडली होती. ती रिवाइंड करणं हाच दुसऱ्या वर्षाचा धडा होऊ शकला असता. तिच्यावर निर्लेखनाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

यात निदेशकांना दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. एक माणूस एका वेळी दोन्ही वर्षांच्या मुलांना सांभाळतो, वर प्रवेशाचं काम, पोर्टलवर हजेरी भरणं, भांडाराची नोंदवही. चालू सप्लायवर वीस मुलांना एकट्याने उभं करायला तो घाबरतो. उद्या कुणाला शॉक बसला तर निलंबन त्याचं होणार. म्हणून तो पॅनेल बंद ठेवतो आणि फळ्यावर आकृती काढतो. त्याच्या जागी मी असतो तरी दुसरं काय केलं असतं, सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आपणच मला प्रात्यक्षिक परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्या दिवशी जे पाहिलं ते मी पहिल्याच तक्रारीत लिहिलं आहे. जर्नलमध्ये प्लेट अर्थिंगची आकृती प्रत्येकाने रंगीत पेन्सिलीने सुंदर काढली होती. प्लेट ६० सेंमी बाय ६० सेंमी, तांब्याची असेल तर ३.१५ मिमी जाड, जीआयची असेल तर ६.३ मिमी, मीठ आणि कोळशाचे थर, पाणी घालायचं नरसाळं. मी विचारलं, संस्थेचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, चला दाखवा. एकालाही माहीत नव्हता. तो मागच्या बाजूला सायकल स्टँडच्या फरशीखाली गेला आहे, हे नंतर शिपायाने सांगितलं. म्हणजे ज्या इमारतीत विजेचं काम शिकवतात त्या इमारतीच्या अर्थिंगला कित्येक वर्षांत कुणी पाणीही घातलेलं नाही. त्याच इमारतीत ८० मुलं रोज वावरतात.

गुणांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. लेखी विषयांत उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकात ६० लागतात. नियम करणाऱ्यांनी हाताच्या कामाला पाठांतराच्या जवळपास दुप्पट मान दिला. त्या दिवशी माझ्यापुढे आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना मी ६० देऊ शकत नव्हतो. मला सांगण्यात आलं की मुलांचं वर्ष वाया जाईल, निकालाची टक्केवारी खाली आली तर तुकडीवर गदा येईल. मी खरे गुण लिहिले. त्यानंतर मला परीक्षक म्हणून बोलावणं आलेलं नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. निकाल जवळजवळ शंभर टक्के लागला, तक्रार त्याबद्दल आहे.

आपल्याकडून तोंडी मिळालेलं उत्तर असं की पदं शासन भरत नाही आणि निधी नाही. पदांचं मान्य. निधीचं मान्य नाही, आणि इथे मी अध्यक्ष महोदयांना उद्देशून बोलतो. केंद्राने २००७ मध्ये खासगी भागीदारीतून देशातल्या १३९६ शासकीय संस्थांच्या दर्जावाढीची योजना आणली. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज, पहिली दहा वर्षं परतफेड नाही, पुढे वीस वार्षिक हप्ते. २० टक्के जागांचे प्रवेश समितीच्या हातात दिले. यंत्रं घेणं, कंत्राटी निदेशक नेमणं, संस्थेचं उत्पन्न वाढवणं, हे सगळं करता यावं म्हणूनच उद्योजकाला अध्यक्ष केलं. आपण त्या योजनेतली संस्था आहात. समितीच्या खात्यात किती रक्कम आहे, किती मुदत ठेवीत आहे आणि तिच्या व्याजातून वीजतंत्री विभागासाठी गेल्या पाच वर्षांत काय घेतलं, हे मी लेखी विचारलं आहे. प्रवेशद्वाराची कमान आणि सभागृहातल्या खुर्च्या मला दिसल्या. मेगर दिसला नाही.

पाचशे व्होल्टचा एक चांगला मेगर, एक अर्थ टेस्टर, ३० मिलीअँपिअरच्या दहा आरसीसीबी, हातमोजे आणि रबरी मॅट. अध्यक्ष महोदय, आपण स्वतः कारखाना चालवता. आपल्या मेंटेनन्स विभागात हे सामान नसेल तर आपण एक दिवस उत्पादन चालू ठेवाल का?

ही मुलं कुणाची आहेत, हेही आपल्याला ठाऊक आहे. शेतमजुरांची, ऊसतोड करणाऱ्यांची, हमालांची. त्यांचं विद्यावेतन १९८३ पासून महिना ४० रुपये होतं, ते ५०० करायला २०२३ साल उजाडावं लागलं. एवढ्या पैशांत बाहेर क्लास लावता येत नाही. जे शिकायचं ते आपल्याच चार भिंतींत. पुढे यांतलीच मुलं महावितरणच्या खांबावर चढतात. २०२३ च्या जाहिरातीत विद्युत सहाय्यकाच्या ५३४७ जागा होत्या, पहिल्या तीन वर्षांचं मानधन अनुक्रमे १५, १६ आणि १७ हजार. पात्रता म्हणून मागितलं ते आपण देता तेच वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र. ज्याने तिन्ही फेज तपासायची सवय लावून घेतलेली नाही, तो पावसात डीपीवर काम करणार. देशात २०१८ ते २०२१ या काळात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांहून जास्त माणसं गेल्याचं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यातले किती जण कामावर गेले, किती जण कुणीतरी केलेल्या चुकीच्या वायरिंगने गेले, याची वेगळी मोजणी मला मिळालेली नाही. पण अर्थिंग न केलेली घरं मी रोज बघतो आणि ती वायरिंग कुणी केली हे विचारलं की बऱ्याचदा आपल्याच संस्थेचं नाव निघतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पाठवायच्या लोकांत इलेक्ट्रिशियन आहेत. आपण त्याचा फलक लावला, पालकांना सांगितलं. त्या देशात इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, आणि त्यातला बराच काळ मुलगा प्रत्यक्ष कंपनीत कामावर असतो. २१ तास पॅनेल मिळालेल्या मुलाला तिथे कोण उभं करून घेईल? फलक बघून कर्ज काढायला निघालेला एक बाप मला विचारायला आला होता. त्याला काय सांगावं हे मला कळलं नाही, आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत हे त्याच्याकडून ऐकून राग आला.

मी याच संस्थेत शिकलो. आमचे निदेशक जॉइंट मारून घेत आणि स्वतः दोन्ही टोकं धरून ओढत. सुटला तर वायर परत सोलायची. ब्रिटानिया, मॅरीड, वेस्टर्न युनियन, सगळे याच पद्धतीने. सिलिंग फॅनचा स्टेटर जाळून, वेटोळी मोजून, पुन्हा भरायला लावत, आणि पंखा फिरला तरच जर्नलवर सही. तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता, कमान नव्हती. सामान होतं आणि खोली उघडी होती.

माझ्या मागण्या पूर्वी दिल्या आहेत तशाच आहेत. वीजतंत्री विभागातलं सामान, चालू किती आणि बंद किती, सूचना फलकावर लावा. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत लागणाऱ्या सामानाची यादी आहे, ती शेजारी लावा, म्हणजे पालकांना फरक दिसेल. मंजूर पदं भरली जाईपर्यंत समितीच्या पैशातून दोन निदेशक जुलैपासून नेमा, दिवाळीनंतर नको. अर्थिंगचा खड्डा उघडा, मुलांकडून मोजून घ्या, नवीन करायचा तर त्यांच्याच हातून करून घ्या. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक असा बोलवा की ज्याचं बिल आपल्याकडे अडकलेलं नाही. आणि ज्या मुलाला मोटर जोडता आली नाही त्याला नापास करा, मग दोन महिने शिकवून पुन्हा परीक्षा घ्या. नापास झाल्यावर घरचे चिडतील, आपल्यावर मोर्चा आणतील. त्या मोर्चात आपल्या बाजूने उभा राहायला मी येईन.

निदेशक मिळेपर्यंत आम्ही तालुक्यातले चार परवानाधारक ठेकेदार दर शनिवारी पाळीपाळीने विनामोबदला शिकवायला तयार आहोत, हेही लेखी दिलेलं आहे. माझ्या गोदामात साडेसात एचपीची चालू मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर आणि जुना पण बरोबर दाखवणारा मेगर आहे. तो संस्थेला देतो, पावती द्या म्हणजे झालं. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी टेम्पोत सामान घालून दारात येतो आहे. पॅनेलच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना त्या वेळी हजर राहायला सांगा.

आपला,
एक विद्युत ठेकेदार आणि संस्थेचा माजी प्रशिक्षणार्थी