संगणकाचीही उगवण तपासा

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून उगवण पाहा, असे आम्ही शेतकरी बंधूंना दरवर्षी सांगतो. ग्रामपंचायतीच्या संगणकालाही तोच नियम लावावा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून चालता संगणक भंगारात घालायचा काय? लिनक्स ही खुली प्रणाली फुकट मिळते. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली तिच्यावरच उभी आहे.

मात्र डोळे झाकून खरेदी नको. लिनक्स पेनड्राइव्हवर न्यावे आणि परतवाड्याच्या दुकानातच संगणक त्यावरून सुरू करावा. तसे केल्याने आतले काही पुसले जात नाही. वाय-फाय, आवाज, छपाई तिथेच पाहावी. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात, सगळ्याच कंपन्यांचे चालत नाहीत. खरे घोडे अडते ते अंगठ्याच्या यंत्रापाशी अन् डिजिटल सहीच्या टोकनपाशी. ही दोन्ही लिनक्सवर चालतील, ही अट दरपत्रकातच घालावी. न चालल्यास तेवढ्या कामापुरता एक संगणक विंडोज ११ चा ठेवावा.

सेमाडोहच्या माणसाचा दाखला अडला, तर घाट उतरून परतवाडा गाठावा लागतो अन् दिवसाची मजुरी बुडते. त्यापेक्षा दुकानात अर्धा तास मोडलेला बरा.