समुद्रातली आपत्ती आणि आभाळातली



पावसाच्या भरवशावर धूळपेरणी करणारा कास्तकार म्हणजे जोखमीचे गिऱ्हाईक, असे बँकेचे साहेब म्हणतात. म्हणून एकरी कर्जाला मर्यादा आणि सातबाऱ्यावर बोजा. ठीक आहे. तोच हिशेब आता सरकारी तेल कंपन्यांना लावून पाहू.

२००२ साली ओएनजीसी विदेश, इंडियन ऑइल आणि ऑइल इंडिया या तीन सरकारी कंपन्यांनी इराणच्या समुद्रात फारसी गट शोधकामासाठी घेतला. तिथे फरझाद-बी हे मोठे वायुक्षेत्र सापडले. पण निर्बंध आणि वर्षानुवर्षांची घासाघीस यांत काम अडले. मे २०२१ मध्ये इराणने ते क्षेत्र आपल्याच पेट्रोपार्स कंपनीला दिले. विहीर आपण खोदली, मोट दुसऱ्याच्या हाती गेली!

मोझांबिकमधला पैसा याहून मोठा. तिथल्या रोवुमा खोऱ्यातल्या समुद्रात वायू सापडला. २०१४ च्या सुरुवातीला ओएनजीसी विदेश व ऑइल इंडियाने व्हिडिओकॉनचा १० टक्के हिस्सा २४७.५ कोटी डॉलरला घेतला. ओएनजीसी विदेशने अमेरिकेच्या अनाडार्कोकडून आणखी १० टक्के २६४ कोटी डॉलरला घेतले. त्या वेळच्या दराने सारे मिळून ३० हजार कोटी रुपयांच्या वर. खाजगी व्हिडिओकॉन पैसे घेऊन बाहेर पडली, सरकारी आत गेल्या.

२०१७ मध्ये त्या काबो देलगादो प्रांतात सशस्त्र बंड पेटले. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला. गरीब माणसे मेली, घरे सोडून पळाली. एप्रिलमध्ये प्रकल्प चालवणाऱ्या फ्रान्सच्या टोटल कंपनीने 'आवाक्याबाहेरची आपत्ती' हे कलम लावून काम थांबवले. हे कलम लावले की कराराची बंधने तेवढ्यापुरती स्थगित होतात. ते उठायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. वायूचा वायदा आता २०२९ चा आहे.

२००८ च्या अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा तिजोरी बुडाली म्हणून शहाण्यांनी आकांत केला. त्यातही पाच एकरांवरचा कोरडवाहू कास्तकार पुऱ्या माफीबाहेरच राहिला. सहा वर्षांनी त्याच्या निम्मी रक्कम एका परक्या समुद्रात गुंतली, तेव्हा हे शहाणे कुठे होते?

देशाला तेल लागते, हे आम्हाला कळते. गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून येते. जोखीम घेऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. जोखीम तर आमचा रोजचा धंदा! पण कपाशी बुडाली तर आम्ही स्वतः बुडतो. समुद्रातला डाव फसला, तर निर्णय घेणाऱ्या कोणत्या साहेबाच्या घरावर जप्ती येते? जो डाव मांडतो त्याला झळ नाही आणि ज्याला झळ आहे त्याला कोणी विचारत नाही, असा हा व्यवहार आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. परदेशातल्या प्रत्येक गटात किती घातले, किती आले, याचा हिशेब दरवर्षी साध्या भाषेत संसदेपुढे मांडा. त्यातला तोटा डिझेलच्या दरातून आमच्याकडून वसूल करू नका. आणि समुद्रातल्या आपत्तीला जे कलम आहे, तेच पीककर्जाच्या कागदावर लिहा.

बंदूक चालली की कंपनीचा करार थांबतो. पाऊस थांबला की आमचे व्याज का थांबत नाही? मेळाव्यात येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हे विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्याला खाली बसू देऊ नका.