कोवळ्या उन्हाचा सल्ला आता थांबवा

मा. संपादक,


दर हिवाळ्यात आरोग्याच्या सदरांतून एक सल्ला छापून येतो: ड जीवनसत्त्वासाठी सकाळी कोवळ्या उन्हात बसा. सल्ला चुकीचा आहे. साधी माणसं तो मनोभावे पाळतात आणि रक्तातली पातळी कमी निघाली की स्वतःलाच दोष देतात, याचा मला राग येतो.

त्वचेत ड तयार होतं ते २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील-ब किरणांनी. सूर्य क्षितिजालगत असताना हे किरण वातावरणातून लांबची, तिरपी वाट कापतात आणि बहुतेक ओझोनमध्येच अडकतात. ऊब मिळते, ड जवळजवळ मिळत नाही. तिरुपतीला डॉ. हरिनारायण यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात सकाळी ११ ते दुपारी २ हीच वेळ सर्वांत उपयोगी ठरली. घड्याळ नको असेल तर सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. काचेआडचं ऊनही चालत नाही, काच हे किरण अडवते.

तमिळनाडूतलं आमचं कुंभकोणम ११ अंश अक्षांशावर. डिसेंबरातही इथला माध्यान्हीचा सूर्य ५५ अंशांवर असतो. याच गावात वाढलेले गणितज्ञ रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले, तिथे सूर्य डिसेंबरात जेमतेम १४ अंश चढतो. तिथे जडलेल्या त्यांच्या दुखण्याचं कारण काहीही असो, तिथल्या हिवाळ्यात शाकाहारी माणसाला ड मिळणं कठीणच होतं. मग कुंभकोणमकराला काय कमी, असं कुणी विचारील. जवळच्या तिरुभुवनमचा रेशीम विणकर पाहा. ऐन ११ ते २ तो घरातल्या खड्ड्याच्या मागावर बसलेला असतो. ऊन दारात असून अंगावर नाही.

आता जनुकांचं. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन किरण शोषून घेतं, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. हा वर्ण वारशाने येतो. त्यापलीकडे डीएचसीआर७ हे जनुक त्वचेतला कच्चा माल कोलेस्टेरॉलकडे वळवतं, सीवायपी२आर१ हे ड वर यकृतात होणाऱ्या प्रक्रियेचं, तर जीसी हे रक्तातून ड वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने ही नावं पुढे आणली. एकाच ताटात जेवणाऱ्या भावंडांच्या पातळ्या वेगळ्या निघतात, त्यात यांचाही हात असू शकतो. पण तो अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांचा होता, आणि या जनुकांमधल्या फरकांनी पातळीतला फार थोडा भाग उलगडला. त्यामुळे ड साठी महागडी जनुकचाचणी करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. अहवाल काहीही आला तरी उपाय तेच राहतात: ऊन, आहार, आणि डॉक्टर सांगतील तेवढी मात्रा. मनाने मोठ्या मात्रा घेऊ नयेत, जास्त ड मुळे रक्तात कॅल्शियम वाढतं.

आयसीएमआरने २०२० मध्ये दिवसाला ड च्या ६०० युनिटची शिफारस केली. शाकाहारी ताटातून एवढं निघत नाही. दूध-तेलात ड मिसळण्याची सोय आहे, पण ती उत्पादकाच्या मर्जीवर. ती सक्तीची करावी, आणि तमिळनाडूच्या सत्तुणवु या शालेय भोजन योजनेत व महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहारात असंच तेल वापरावं. शाळांनी कडक उन्हाळा सोडून खेळाचा एक तास दुपारच्या जेवणाआधी ठेवावा. आणि आपल्या सदरातून कोवळ्या उन्हाचा सल्ला काढून ११ ते २ ही वेळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कुंभकोणम